पॉगेनकोल्कांचा दगड

१

कबरीवरचा दगड चोरीला जाऊ शकतो, हे टेक्ला रेनफेर्टला इतक्या वर्षांच्या पोलिसी नोकरीत कधी सुचलंही नव्हतं. सायकली जायच्या, डिझेल जायचं, एकदा तर नेमबाजीच्या जत्रेआधी बँडवाल्यांचा अख्खा ढोल गेला होता. पण मेलेल्या माणसाच्या उशाशी उभा असलेला दगड कोण कशाला नेईल?

आल्टेनहोर्स्टच्या दफनभूमीत त्या सकाळी धुकं इतकं दाटलं होतं, की चर्चचा मनोरा अर्ध्यावरच संपल्यासारखा दिसत होता. सर्वसंतांचा सण तोंडावर आला होता. त्या दिवशी दुपारी सगळं गाव आपापल्या माणसांच्या कबरींपाशी उभं राहतं, पाद्री पवित्र पाणी शिंपडत फिरतो आणि अंधार पडताना जिकडेतिकडे लाल दिवे लागलेले असतात. म्हणून आधीपासूनच बाया खुरपी आणि झारी घेऊन कबरी सजवायला येतात. रोझविता हाफरकोटे अशीच आली होती. फोन तिनेच केला होता.

"बघ! डोळे उघडून बघ!" ती टेक्लाला म्हणाली. "माझ्या चुलतबहिणीचा दगड, गं. सण आठवड्यावर आलाय आणि आग्नेस बिचारी बिननावाची पडलीय."

कबर दोघांची होती. उजवीकडे आग्नेस पॉगेनकोल्क चार वर्षांपूर्वी निजली होती. डावी बाजू नवऱ्यासाठी, लाम्बर्टसाठी, राखलेली. मध्ये उभा असायचा तो पिवळसर वालुकाश्माचा दगड टेक्लाच्या चांगला ओळखीचा होता. वर मोठ्या अक्षरांत आडनाव, खाली आग्नेसचं नाव आणि तिची दोन्ही सालं, त्याखाली लाम्बर्टचं नाव, जन्मसाल, एक आडवी रेघ आणि पुढे रिकामी जागा. इथे तशी पद्धतच आहे. मागे राहिलेला माणूस दर रविवारी येतो, आपलंच नाव वाचतो आणि घरी जाऊन बटाटे सोलतो.

टेक्ला गुडघ्यांवर बसली. दगडाचा खड्डा बुजवून माती चापून बसवली होती. भोवतीची हीदरची बुटकी, जांभळी झुडपं उपटून पुन्हा लावली होती, पण पूर्वीसारखी कबरीच्या चारी बाजूंनी नाही. फक्त उजव्या अर्ध्या भागाभोवती त्यांचं नीटनेटकं कडं केलं होतं. डाव्या अर्ध्यावर हिरवळीचे तुकडे असे अंथरले होते, की जणू तिथे कधी काही नव्हतंच. आग्नेसच्या बाजूचा लाल दिवा पेटलेला होता.

"चोर सज्जन दिसतोय," टेक्ला म्हणाली. "झुडपांना पाणी घालून गेलाय."

कबरीपासून बाजूच्या फाटकापर्यंत ओल्या मातीत दोन अरुंद चाकांच्या रेघा गेल्या होत्या. ट्रॅक्टर नाही, मोटार नाही. असल्या चाकांची एकच गाडी जवळपास होती. भिंतीपलीकडच्या छपरात ठेवलेली, शवपेटी न्यायची हातगाडी. ओढ्याकाठच्या आठ घरांच्या शेजाराची ती सामाईक गाडी. टेक्लाने फटीतून डोकावून पाहिलं. गाडी जागेवर होती आणि कधी नव्हे ती धुऊन लख्ख केलेली होती. कुलूप शाबूत होतं.

तिथून ती थेट लाम्बर्टकडे गेली. गावाबाहेर, डोहाच्या काठावर त्यांचं घर. पॉगे म्हणजे बेडूक, कोल्क म्हणजे पाण्याने खणलेला डोह. घराचं नावही तेच आणि माणसाचंही तेच. त्यांना लाम्बर्ट म्हणून हाक मारणारी आग्नेस गेल्यापासून, टेक्ला सोडली तर, गावाला ते नुसते पॉगेनकोल्क होते.

लाम्बर्टनी बातमी उभ्यानेच ऐकली. कोण, कधी, कसं, काही विचारलं नाही.

"दिवा पेटतोय ना?" एवढंच म्हणाले.

"पेटतोय."

"मग झालं." त्यांनी कॉफी ओतली. कोटाच्या बाह्या मनगटापाशी पिवळट धुळीने माखल्या होत्या. टेक्लाची नजर गेलेली पाहून म्हणाले, "गोठ्याला चुना मारतोय."

टेबलापुढे एकच खुर्ची होती, दुसरी भिंतीशी उलटी करून ठेवलेली. चुलीशेजारच्या खिळ्यावर काळी फीत बांधलेली एक जुनी किल्ली लटकत होती. टेक्लाने ती पाहिली आणि विसरून गेली.

"लाम्बर्ट, त्या दगडावर तुमचंही नाव आहे. तुमची जागा आहे तिथे, तिच्या शेजारी. मी शोधून काढीन."

लाम्बर्ट खिडकीबाहेरच्या डोहाकडे बघत राहिले.

"टेक्ला, एक सांगू? तू नको शोधूस," ते म्हणाले.

२

"नको म्हणाला? म्हणणारच!" रोझविताने केकचा तुकडा टेक्लाच्या ताटलीत आदळला. "त्याला कशाला पडलीय? दगड पॉगेनकोल्कांचा. हा कोण? कालव्यापलीकडचा वेसेल्स! लग्न करून घरात आला आणि आमच्या आग्नेसचं नाव लावून बसला."

"बेचाळीस वर्षं झाली त्याला, रोझविता."

"शंभर होऊ देत. रक्त बदलतं का? माझा आजोबा त्या घरात जन्मलेला, तो अस्सल पॉगेनकोल्क. धाकटा म्हणून हाफरकोट्यांच्या घरी लग्न करून गेला आणि आम्ही झालो हाफरकोटे. अंगात रक्त आमच्या, आणि नाव मिरवतो तो! परवा हॉलमध्ये टाळ्यासुद्धा त्यालाच."

परवाचं टेक्लाने गावातून ऐकलं होतं, पण तिला ते हिच्या तोंडून हवं होतं. माइन्झहून एक डॉक्टर झाइप आले होते, आडनावांचे अभ्यासक. गावच्या खानावळीच्या हॉलमध्ये त्यांनी पडद्यावर सगळ्या जर्मनीचा नकाशा दाखवला. त्यात एकच लाल ठिपका होता. पॉगेनकोल्क हे नाव लावणारा साऱ्या देशात एकच माणूस उरलाय आणि तो या हॉलमध्ये बसलाय, असं ते म्हणाले. लाम्बर्टना उभं केलं. टाळ्या पडल्या.

"आणि तू काय म्हणालीस?"

रोझविताने काटा खाली ठेवला. "म्हणाले, टाळ्या कोणाला वाजवताय? तो तर वेसेल्स! खरं तेच बोलले. हॉलभर हसले लोक."

"आणि लाम्बर्ट?"

"टोपी उचलली आणि गेला. तुला सांगते, मेलेल्यांना तरी त्यांचं असेल ते मिळू दे. बाबा गेले तेव्हा गाडीची ती किल्ली दीड वर्ष आमच्या स्वयंपाकघरात लटकत होती, शेजारात पुढचं मरण होईस्तोवर. रोज जेवताना डोळ्यांसमोर. शेवटी आईनं तिच्यावर फडकं टाकलं." तिने तोंड फिरवलं. क्षणभर ती भांडखोर वाटली नाही, नुसती म्हातारी वाटली.

"रोझविता, स्पष्ट विचारते. लाम्बर्ट तिथे आग्नेसशेजारी निजावा, असं तुला वाटतं का?"

रोझविताने टेबलावरचा केकचा चुरा बोटाने गोळा केला.

"नाही," रोझविता म्हणाली. "नाही वाटत."

डाव्या अर्ध्यावर अंथरलेली हिरवळ टेक्लाच्या डोळ्यांपुढे आली. लाम्बर्टना त्या कबरीतून कोणीतरी अलगद पुसलं होतं, आणि पुसायची इच्छा असलेली बाई समोर केक कापत होती.

३

डॉक्टर झाइप खानावळीच्या वरच्या खोलीत उतरले होते. उंच, वाकलेला, थंडीने नाक लाल झालेला माणूस. दगडाचं नाव काढताच त्यांचा चेहरा पडला.

"मीच तो मागितला होता हो," ते म्हणाले. "म्हणजे मरणानंतर! कबरीची मुदत संपली की इथे दगड उचलून खडी करतात. तसं होण्यापेक्षा आमच्या संग्रहाला द्या, असं मी पॉगेनकोल्कसाहेबांना म्हणालो. माणसाच्या तोंडावर हे बोलायचं नसतं, हे मला नंतर सुचलं."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, तुम्हाला शेवटचा पॉगेनकोल्क हवाय ना, मग तो मी नव्हे. आणि निघून गेले. हॉलमधलंच दुखणं ते. त्या बाई ओरडल्या, लोक हसले आणि बीयर प्यायला उठले. माझं अर्धं व्याख्यान राहूनच गेलं. महत्त्वाचं तेच अर्धं होतं."

"कसलं?"

"हे नाव इतकं दुर्मीळ का, त्याचं." झाइपांचे डोळे एकदम चमकले. हा प्रश्न त्यांना बरेच दिवस कोणी विचारला नसावा. "बघा, त्या घरात चारशे वर्षं पोरं जन्मतायत. पिढीला सहा, आठ. मग देशभर पॉगेनकोल्क पसरायला हवे होते की नाही? लोक म्हणतात युद्धं, पटकी. काही नाही! तुमच्या या मुलुखात नाव माणसाचं नसतंच, घराचं असतं. ज्याने घर सोडलं त्याने नाव दारातच ठेवलं आणि ज्या घरात गेला तिथलं घेतलं. पुढे सरकारने कायदे केले, तरी लोकांची रीत सुटली नाही. घर एक, म्हणून नाव धारण करणारं कुटुंबही कायम एक."

"आणि जो बाहेरून आत आला?"

"तो पॉगेनकोल्क," झाइप म्हणाले. "त्यात विचारायचं काय?"

टेक्लाने हे ऐकून घेतलं. पण तिच्या डोक्यात तेव्हा चाकांच्या रेघा होत्या. या वाकलेल्या माणसाला एकट्याने तो दगड हलवताच आला नसता. आणि छपराचं कुलूप तर कोणी फोडलंच नव्हतं. कोणाकडे तरी किल्ली होती.

४

आलोइस टेनब्रिंक हा पॉगेनकोल्कांचा पहिला शेजारी. ओढ्याकाठी पहिला शेजारी म्हणजे नात्यापेक्षा जवळचा. घरात मरण झालं की गावाला तोच कळवतो, खांदेकरी तोच ठरवतो, गाडी तोच ओढतो. घरच्यांनी फक्त रडायचं. ते घर त्याच्यासाठी तेच करतं. मागितलेली मदत नाकारायची नाही आणि त्या घरातली गोष्ट बाहेर बोलायची नाही.

आलोइस डुकरांच्या गोठ्यातून गमबूट काढत बाहेर आला. एरवी त्याच्या तोंडाचा पट्टा थांबत नसे.

"काय पोलीसबाई, आता डुकरांची साक्ष घेताय? ती फितूर होतात बरं का."

"शेजाराची गाडी कोणीतरी वापरलीय, आलोइस. आणि वर धुऊन ठेवलीय."

"छान केलं. वर्षानुवर्षं मी म्हणतोय, कोणीतरी धुवा."

"किल्ली कुठे असते तिची?"

आलोइसने नाक पुसलं. अगदी थोडंसं थांबला. "माझ्याकडेच. पहिला शेजारी ना मी. ही काय." त्याने खुंटीवरून किल्ल्यांचा जुडगा काढून दाखवला आणि तितक्याच घाईने परत टांगला.

"मग गाडी तू नेलीस?"

"मी? माझी कंबर बघ. पिठाचं पोतं उचलवत नाही मला." तो हसला, पण हसू गालांच्या वर गेलं नाही. मग एकाएकी म्हणाला, "टेक्ला, तू शहरातून आलीस, चांगली आहेस, कोणाचं वाईट केलं नाहीस. पण हे सोड. दगडाने कोणाचं पोट भरतंय का?"

एकाच दिवसात ही गोष्ट सोड म्हणणारा तो दुसरा माणूस होता.

५

संध्याकाळी टेक्ला आपल्या दारापाशी उभी राहिली आणि सवयीने पाटी वाचली. रेनफेर्ट. ज्याचं हे नाव होतं, तो वीस वर्षांपूर्वी कासेलला निघून गेला होता आणि तिकडे दुसरी एक बाई आता हेच नाव लावत होती. लोकांनी सुरुवातीला विचारलं, बदलत का नाहीस? तिने कधी बदललं नाही. त्या माणसाच्या प्रेमापायी नव्हे. या गावात ती याच नावाने आली, याच नावाने चोर पकडले, याच नावाने आजारी पडली तेव्हा शेजारणीने सूप आणलं. माहेरच्या नावाची बाई डोर्टमुंडमध्येच राहिली होती आणि तिला आता तिथेही कोणी ओळखलं नसतं.

काळा पाव, लिव्हर सॉसेज, एक टोमॅटो. एकटीचं जेवण. समोरच्या भिंतीवर एक मोकळा खिळा होता. त्यावर पूर्वी लग्नाचा फोटो असायचा. रोज जेवताना डोळ्यांसमोर.

घास तोंडातच राहिला.

रोज जेवताना डोळ्यांसमोर. दीड वर्ष, शेजारात पुढचं मरण होईस्तोवर. किल्ली पहिल्या शेजाऱ्याकडे नसतेच! ती ज्या घरात शेवटचं मरण झालं तिथेच लटकते. ओढ्याकाठी आग्नेसनंतर कोणी गेलं नव्हतं. काळी फीत बांधलेली ती किल्ली टेक्लाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, लाम्बर्टच्या चुलीशेजारी.

आलोइस खोटं बोलला होता. शहरातल्या बाईला रीत काय माहीत, असं समजून बोलला. आणि पहिला शेजारी पोलिसांशी खोटं बोलतो ते एकाच घरासाठी.

मग बाकीचं भराभर जागेवर बसलं. चुना पांढरा असतो, बाह्यांवरची धूळ पिवळी होती. आग्नेस गेल्यावर लाम्बर्टनी गाई विकल्या होत्या. रिकाम्या गोठ्याला कोण चुना मारतं? आणि कबरीचं अर्धं अंग हिरवळीने झाकणाऱ्याने आग्नेसच्या झुडपांना पाणी घातलं होतं, दिवा लावला होता. रोझविताने रागाच्या भरात दगड उचलला असता, पण मग स्वतःच फोन करून गावभर बोंब मारली नसती. तिला हवं होतं ते तर होऊनच गेलं होतं.

लाम्बर्टना त्या कबरीतून लाम्बर्टनीच काढलं होतं.

टेक्लाने ताट तसंच सरकवलं. तिला राग आला. कोणाचा, ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं. तिने दोन फोन केले, एक खानावळीत आणि एक रोझविताकडे.

"गाडीत बसायचं," तिने दोघांना सांगितलं. "का, ते विचारायचं नाही."

६

दोघांना अंगणात थांबवून ती एकटीच गोठ्यात शिरली. आतून ठक ठक आवाज येत होता.

गाईंच्या रिकाम्या दावणींमध्ये एक दिवा टांगला होता. दोन लाकडी घोड्यांवर दगड आडवा ठेवलेला. लाम्बर्ट छिन्नी घेऊन त्यावर वाकले होते. वरचं मोठं आडनाव तसंच होतं. आग्नेसचं नाव तसंच होतं. त्याखाली लाम्बर्टचं नाव असायचं तिथे खडबडीत, ओरबाडल्यासारखी जागा होती. जन्मसालाचे शेवटचे दोन आकडे तेवढे उरले होते.

"दार लावून घे," लाम्बर्ट मान वर न करता म्हणाले. "वारा येतो."

"आलोइसने मदत केली."

"त्याला काही बोलू नकोस. पहिल्या शेजाऱ्याला नाही म्हणता येत नाही. बिचारा उचलताना रडत होता." त्यांनी धूळ फुंकली. "सणाआधी परत नेऊन उभा करणार होतो. माझ्याच्यानं भरभर होत नाही."

"आणि तुम्ही? तुम्ही कुठे जाणार?"

"भिंतीकडेच्या गवतात. तिथे बिननावाचे पुरतात ना, तिथे. सांगून ठेवलंय पाद्रीबाबांना."

टेक्ला गव्हाणीच्या कठड्यावर बसली. इतकं एकटं माणूस तिने कधी पाहिलं नव्हतं, आणि तिला एकटेपणाची माहिती कमी नव्हती.

"एका बाईच्या एका टोमण्यासाठी?"

"टोमणा नव्हे गं, खरं होतं ते." लाम्बर्टनी छिन्नी ठेवली. "लग्नात मी आग्नेसला म्हणालो, तुझ्या घराला मुलगा नाही, नाव तुझंच राहू दे, मी येतो त्यात. माझा बाप लग्नाला आला नाही. म्हणाला, बायकोच्या घाघऱ्यात शिरला. मी म्हटलं, म्हणू दे. पोरं होतील, त्यांच्या अंगात तिचं रक्त असेल, नाव पुढे जाईल. पोरं झाली नाहीत. म्हणजे बघ, चारशे वर्षं चालत आलेलं नाव माझ्या हातात दिलं आणि माझ्यापाशी येऊन संपलं. वर त्या हॉलमध्ये टाळ्या मला! जणू मी मोठा पराक्रम केला." त्यांनी पुन्हा धूळ फुंकली. "शेवटची पॉगेनकोल्क ती होती. तो मान तरी तिचा तिला राहू दे. मी मागून आणलेल्या कोटासारखं ते नाव वापरलं. आता परत करतोय, झालं."

टेक्ला उठली आणि तिने गोठ्याचं दार उघडलं. "या आत. डॉक्टर, तुमचं राहिलेलं अर्धं व्याख्यान. इथे कोणी बीयर प्यायला उठणार नाही."

झाइप आत आले. दगडावरची खडबडीत जागा पाहून त्यांचा हात तोंडावर गेला. त्यांच्या मागे रोझविता उंबऱ्यातच थबकली.

"पॉगेनकोल्कसाहेब," झाइप अडखळत म्हणाले, "तुम्ही... तुम्ही थांबायला हवं होतं हो. तुमच्यासारखे त्या घरात अर्ध्याहून जास्त आलेत. एक नावाडी होता, एक मोची. एक तर लढाईतून पळालेला स्वीडिश शिपाई. मुलगी वारस, जावई आत, नाव पॉगेनकोल्क. आणि रक्त म्हणाल..." त्यांनी रोझविताकडे चोरून पाहिलं. "रक्त दोनदा साफ तुटलंय. एकदा पटकीत वारस मेला, त्याच्या विधवेने मोच्याशी लग्न केलं, त्या दोघांची मुलं पुढे नांदली. त्यांच्यात आधीच्या पॉगेनकोल्कांचा थेंब नव्हता. पुन्हा एकदा तसंच झालं, वारस बायको मेली आणि घरजावयाने दुसरं लग्न केलं. आग्नेसबाई जिच्या वंशातल्या, ती बाई त्या घरात मोलकरीण म्हणून आली होती."

रोझविता एक पाऊल आत आली.

"म्हणजे माझा आजोबा..." रोझविता पुटपुटली.

"मोलकरणीच्या पणतूचा नातू. तिच्याबद्दल म्हणतात, बाई फार कामसू होती." झाइपांना धीर आला. "अहो, ज्याने त्या छपराखाली चूल पेटती ठेवली, तो पॉगेनकोल्क. याहून दुसरी व्याख्या त्या नावाला कधी नव्हतीच."

लाम्बर्टनी टेक्लाकडे पाहिलं. "मला बरं वाटावं म्हणून शिकवून आणलंस याला."

"मला येतं का असलं शिकवायला?" टेक्ला म्हणाली. "मला फक्त चोर पकडता येतात. तोही आज हातचा गेला. स्वतःचा दगड नेला म्हणून कोणाला धरू?"

लाम्बर्ट हसले नाहीत. दगडाच्या त्या ओरबाडलेल्या जागेवरून त्यांनी तळहात फिरवला. रोझविता वळली आणि अंगणात नाहीशी झाली. गाडीत बसायलाही ती थांबली नाही.

७

सणाच्या दिवशी दुपारी दगड जागेवर होता. आलोइस आणि ओढ्याकाठचे पुरुष सकाळीच तो गाडीवरून घेऊन आले होते. त्या गाडीवरून आलेलं काही दफनभूमीतून परत जात नाही, एवढंच काय ते आलोइस बोलला. वर पॉगेनकोल्क, खाली आग्नेस, आणि तिच्याखाली कोरी, खरबरीत जागा.

गाव आपापल्या कबरींपाशी उभं राहिलं. टेक्लाचं या मातीत कोणी नव्हतं. दरवर्षीप्रमाणे ती फाटकापाशी गणवेशात उभी होती, जणू तिथे वाहतूकच सांभाळायची होती.

लाम्बर्ट उशिरा आले. दगडापर्यंत गेले नाहीत. दोन पावलं मागे, पायवाटेवर, टोपी हातात घेऊन पाहुण्यासारखे उभे राहिले. डाव्या अर्ध्यावर हिरवळ अजून तशीच होती. व्याख्यानाने माणूस परत येत नाही, हे तिला कळायला हवं होतं.

तेवढ्यात हाफरकोट्यांच्या कबरीपासून रोझविता निघाली. सगळ्या गावाच्या देखत, पाद्री प्रार्थना म्हणत असताना. हातात खुरपं होतं. ती पॉगेनकोल्कांच्या कबरीपाशी आली, कण्हत गुडघ्यांवर बसली आणि तिने डाव्या बाजूची हिरवळ उचलून बाजूला टाकायला सुरुवात केली. मग उजवीकडची हीदरची झुडपं एकेक करून काढली आणि पूर्वीसारखी चारी बाजूंनी लावू लागली. पाद्रीबाबा थांबले.

शेवटचं झुडूप राहिलं, तेव्हा तिने मान न वळवता हाक मारली. हॉलमध्ये मारली होती तेवढ्याच खणखणीत आवाजात.

"अरे पॉगेनकोल्क, नुसता बघत काय उभा राहिलायस? झारी आण. तुझ्या बाजूला पाणी घालायचंय."

लाम्बर्ट हलले नाहीत. मग त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, नळापाशी गेले आणि झारी भरू लागले. ती भरून वाहायला लागली तरी त्यांना कळलं नाही. आलोइसने जाऊन नळ बंद केला.